विषाणू गेला, मग आठवण का परत येत नाही?

रोवणी | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या सायकल स्टँडवर अकरावीतला एक मुलगा कॉलेज सुटलं तरी रोज रेंगाळायचा. मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतोय, वयच तसं. दिवाळीनंतर एकदा पेपरांचा गठ्ठा घेऊन मी उशिरा निघाले, तेव्हा स्टँडवर दोनच सायकली उरल्या होत्या आणि हा त्यातली एक काढत होता. दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाला, "मॅडम, गर्दीत सापडत नाही. सगळे गेले की मग कळते."

सकाळी स्वतःच्या हाताने लावलेली सायकल!

नववीत असताना तो मेंदूज्वरातून उठलाय. आमचा भाग धानाचा. रोवणी झाली की बांध्यांमध्ये पाणी उभं, पाण्यात क्युलेक्स डासांच्या अळ्या, आजूबाजूला बगळे आणि डुकरं. जपानी मेंदूज्वराला आणखी काय लागतं? विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, डास तो माणसात आणून सोडतो. मुलगा वाचला, हेच मोठं. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ आहे, 'प्रकृती सुधारली, घरी सोडले.' घरचे त्याला विसरभोळा म्हणतात. वर्गातली पोरं काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

मी जीवशास्त्र शिकवते. तरी विषाणू निघून गेल्यावर दोन-दोन वर्षं आठवणीचं काय होत राहतं, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून सुट्टीत वाचायला बसले आणि रॉबिन क्लाइन या बाईंच्या कामापाशी अडकले. बाई डॉक्टर, शिवाय मेंदू आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींच्या अभ्यासक. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली 'नेचर'मध्ये एक काम छापलं. विषाणू होता वेस्ट नाइल, म्हणजे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा सख्खा चुलतभाऊच. त्याचं दुबळं केलेलं वाण उंदरांना दिलं. उंदीर आजारी पडले, बरे झाले, मेंदूतला विषाणू हटला. मग त्यांना बार्न्सच्या टेबलावर सोडलं.

हे टेबल डोळ्यांसमोर आणा. गोल, उघडं, वर लख्ख दिवा. कडेने सगळीकडे सारखीच भोकं, पण एकाच भोकाखाली अंधारी पेटी. उंदराला उजेड नको असतो, त्यामुळे तो ती पेटी शोधतो. भिंतीवरच्या खुणा बघून निरोगी उंदीर काही दिवसांत थेट तिकडे धावायला शिकतात. बरे झालेले उंदीर मात्र या भोकापासून त्या भोकापर्यंत हुंगत फिरत राहिले.

वाचता वाचता मला सायकल स्टँडच दिसत होता.

आता खरी गोष्ट. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी पहिल्यांदा जिथे बांधल्या जातात तो मेंदूचा भाग. त्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशी जागेवर होत्या. कमी झाले होते ते पेशी-पेशींमधले सांधे. आणि ते सांधे विषाणूने खाल्ले नव्हते. मेंदूची स्वतःची सफाई कामगार पेशी असते, मायक्रोग्लिया. तिनेच ते गिळले होते. 'हा कचरा आहे, उचला' अशी चिठ्ठी लावण्याचं काम कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली जुनी प्रथिनं करतात. सी१क्यू आणि सी३ ही त्यातली दोन. एरवी ती जंतूंवर चिठ्ठ्या लावतात, इथे सांध्यांवर लागल्या. ज्या उंदरांत सी३ किंवा त्याचा ग्राही (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) जन्मतःच नव्हता, त्यांचे सांधे वाचले.

म्हणजे पोराची आठवण विषाणूने नेली की त्याला घालवायला आलेल्यांनी? माझी झोप उडाली आहे. जाणकारांनी लिहावं.

---

कट्टेकरी | शनिवार, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. पहिला परिच्छेद वाचून पोटात कालवलं.

---

निफाडकर | शनिवार, रात्री १०.३१

ताई, मी द्राक्षवाला माणूस, विज्ञानातलं फार कळत नाही. पण आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. वेल ओरबाडून काढल्यासारखी दिसते, पण त्याशिवाय माल धरत नाही. तोच मजूर तीच कात्री घेऊन घड लागल्यावर बागेत शिरला तर? कात्री चांगली, हात चांगला, वेळ चुकली. तसंच काही आहे का हे?

---

रोवणी | शनिवार, रात्री १०.५२

निफाडकर दादा, मी चार दिवस जे चार प्रकारे लिहून खोडत होते ते तुम्ही दोन ओळींत लिहिलंत.

मेंदूतही छाटणीचा हंगाम असतो. जन्मल्यावर सुरुवातीला चेतापेशी भरमसाट सांधे जोडतात आणि मग नको ते काढून टाकले जातात. बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदराच्या पिल्लांत दाखवलं की डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर ही छाटणी होताना चिठ्ठ्या लावणारे हेच, सी१क्यू आणि सी३. लहानपणी घडवणारी कात्री मोठेपणी संसर्गाच्या धामधुमीत पुन्हा बाहेर निघते.

पण मग ती परत पेटीत का जात नाही? क्लाइन यांच्याच गटाने २०१९ मध्ये याचं एक कारण पुढे आणलं. विषाणूशी लढायला मेंदूत शिरलेल्या टी-पेशी लढाई संपल्यावरही तिथेच मुक्काम ठोकतात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे हाक देणारं रसायन सोडत राहतात. त्या हाकेवर मायक्रोग्लिया पेटलेली राहते. चोर पळाला, पण पोलीस ओट्यावर बसूनच. घरातल्यांना चहा करायलाही स्वयंपाकघरात जाता येईना.

---

खवट_खोबरं | रविवार, सकाळी ७.१२

सुप्रभात. उंदराला भोक सापडलं नाही म्हणून भंडाऱ्याच्या की गोंदियाच्या पोराला सायकल सापडत नाही? इतकी उडी मारू नका. या उंदरांचे कर्करोग आणि मधुमेह शंभरदा बरे झालेत, माणसांचे किती झाले ते सांगा. आणि तो विषाणू वेस्ट नाइल आहे, तुमचा जपानी. चुलतभाऊ असला म्हणून सातबारा एक होत नाही.

---

डॉ_सावकाश | रविवार, सकाळी ८.४०

खोबरं काकांचा खवटपणा या वेळी कामाचा आहे. मी न्यूरॉलॉजीत आहे, म्हणून दोन दुरुस्त्या करतो.

एक. जपानी मेंदूज्वरात एमआरआय काढला की सर्वात ठळक डाग बहुधा थॅलॅमसमध्ये दिसतात. थॅलॅमस म्हणजे मेंदूतलं मधलं जंक्शन. तिथली इजा स्वतःच स्मृती आणि लक्ष दोन्ही बिघडवू शकते. म्हणजे या मुलाच्या बाबतीत थेट पेशी मेल्याचा वाटाही असेल. सगळं खापर मायक्रोग्लियावर फोडता येणार नाही.

दोन. उंदरांपुरतंच काम नाही ते. २०१६ च्या त्याच शोधनिबंधात वेस्ट नाइलने दगावलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुनेही तपासले होते आणि तिथेही हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागात सांधे घटलेले दिसले. पुरावा थोडा आहे, पण माणसाचा आहे.

रोवणी मॅडमच्या मूळ तक्रारीशी मात्र मी शंभर टक्के सहमत. जपानी मेंदूज्वरात मेंदूपर्यंत आजार पोचला की शंभरात तीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना काही ना काही कायमचं मागे राहतं. हात-पाय आखडले, फिट्स राहिल्या तर ते दिसतं, त्यावर उपचार होतात. स्मृती कोण तपासतं? ओपीडीत माझ्यापुढे रांग असते तेव्हा मीही 'जेवण जातं का, झोप लागते का' एवढंच विचारून पुढे जातो. इथे लिहायला लाज वाटत नाही, कारण खरं आहे.

---

रोवणी | रविवार, सकाळी ९.१५

डॉक्टर, थॅलॅमसचा मुद्दा मान्य. मी वेस्ट नाइलचं उत्तर जपानीला चिकटवत होते.

---

ओसरी | रविवार, दुपारी २.२०

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहिते आहे.

माझे बाबा एसटीत वाहक होते. कोल्हापूर–रत्नागिरी. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी एका रविवारी ताप आला. सोमवारी रात्री उठून बसले आणि आईला म्हणाले, "वेबिल कुठं ठेवलंस?" आईला वाटलं स्वप्नात आहेत. मंगळवारी ते घरातल्या सगळ्यांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत होते. आम्ही हसलो. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. ज्यांना पहिल्यांदा दाखवलं त्यांनी मानसिक आहे म्हणून झोपेची गोळी दिली. दोन दिवस त्यात गेले. झटका आला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. एमआरआय, पाठीतलं पाणी काढलं आणि नाव कळलं. हर्पिस एन्सेफलायटिस, म्हणजे हर्पिस विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर. एकवीस दिवस सलाइनमधून औषध.

बाबा वाचले. चालतात, जेवतात, पेपर वाचतात. तोच पेपर दिवसातून चारदा नव्याने. चहा पिऊन कप खाली ठेवतात आणि 'आज चहा नाही का?' विचारतात. माझं लग्न आठवतं, माझी मुलगी आठवत नाही, कारण ती नंतरची. रोज तिला विचारतात, "कुणाची गं तू?" ती सात वर्षांची आहे, रोज नवं नाव सांगते. तिला खेळ वाटतो.

पण विचारा, कोल्हापूर सोडल्यावर काय? मलकापूर, आंबा, साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा. मधले सगळे विनंती थांबे. कुठल्या फाट्यावर कुणाचं हॉटेल होतं, कुठल्या वळणावर पावसाळ्यात दरड यायची. आणि सांगताना उजव्या हाताचा अंगठा हलत राहतो, तिकिटाला पंच मारल्यासारखा.

डॉक्टर, असं कसं असतं? रस्ता राहिला आणि नात गेली?

---

डॉ_सावकाश | रविवार, दुपारी ४.०५

ताई, आधी एक. तुम्ही हसलात यात तुमची चूक नाही. हा आजार सुरुवातीला भल्याभल्यांना फसवतो.

इतर वाचकांसाठी ठळक लिहितो: ताप आणि वागण्या-बोलण्यात अचानक विचित्र बदल, हे दोन्ही एकत्र आले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. पाठीतल्या पाण्याचा अहवाल यायच्या आधीच ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करावं लागतं. हे औषध येण्यापूर्वी उपचारावाचून या आजारात शंभरातले सत्तर जण जायचे. ते घडवणाऱ्या चमूतल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आता मृत्यू खूप कमी झाले, पण स्मृती वाचवायची तर एकेक दिवस मोलाचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पेशीबाई देतील, त्या याच विषयात आहेत. मी एक जोडतो, कारण ते मूळ धाग्याशी जुळतं. हर्पिसमधून बरे होत आलेले काही रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बिघडतात. पूर्वी वाटायचं, विषाणू परत आला. पाठीतल्या पाण्यात तो सापडेना. मग कळलं की शरीराने स्वतःच्याच चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीत, आणि हा ग्राही तर आठवण पक्की करण्याच्या कामातलाच. २०१८ मध्ये छापलेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात ५१ हर्पिस रुग्णांवर लक्ष ठेवलं, त्यातल्या १४ जणांना असा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा मेंदूदाह झाला. त्याला अँटिव्हायरल पुरत नाही, प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधं लागतात. त्यामुळे घरी आलेला रुग्ण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर 'आता असंच राहायचं' म्हणून बसू नका.

---

पेशीबाई | रविवार, रात्री ११.४८ (इकडे दुपार)

आले! इन्क्युबेटरचा अलार्म वाजत होता.

ओसरी, तुझ्या बाबांसारखे एक गृहस्थ स्मृतीच्या अभ्यासात प्रसिद्ध आहेत. १९५३ च्या शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पस गमावलेले एच.एम. सगळ्यांना माहीत असतात. मी सांगते आहे ते ई.पी. त्यांच्याबाबत शस्त्रक्रियेचं काम हर्पिसने केलं, १९९२ मध्ये, सत्तरीत. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग गेला. सॅन डिएगोचे लॅरी स्क्वायर त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते.

ई.पी. तरुणपणी कॅलिफोर्नियातल्या ज्या भागात वाढले, तो त्यांनी पन्नासएक वर्षांपूर्वी सोडला होता. त्यांना विचारलं, अमुक घरापासून तमुक ठिकाणी कसं जाल? नेहमीचा रस्ता बंद असेल तर? त्यांनी वळसा घालून बरोबर वाट सांगितली, त्याच भागात वाढलेल्या आणि स्मृती शाबूत असलेल्या माणसांइतकी. पण आजारानंतर ज्या घरात राहायला आले, त्याच्या भोवतालचा परिसर त्यांना कधीच पाठ झाला नाही. हे १९९९ मध्ये छापलं गेलं. हिप्पोकॅम्पस नवी आठवण बांधायला लागतो, पण ती जुनी होत जाते तशी तिचा भार मेंदूच्या वरच्या सालीवर जातो, असा स्क्वायर यांचा अर्थ. यावर आमच्यात अजून वाद होतात. एखाद्या विशिष्ट दिवसाची तपशीलवार आठवण कायमच हिप्पोकॅम्पसवर अवलंबून राहते असं म्हणणारेही आहेत. पण मलकापूर, आंबा, साखरपा हे वर्षानुवर्षं रोज घोटलेलं. ते सालीत मुरलंय.

आणि अंगठा. हाताच्या सवयी साठतात त्या वेगळ्याच वाटेवर, मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियामध्ये. हर्पिस तिकडे सहसा फिरकत नाही, त्याला कानशिलाच्या आतला भाग प्रिय. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतकाराला १९८५ मध्ये हाच आजार झाला. आत्ताची गोष्ट अर्ध्या मिनिटात पुसली जायची, पण पियानोवर बसवलं की वाजवत.

---

मुक्काम_पोस्ट | सोमवार, सकाळी ६.५०

पेशीबाई, तुम्ही नेमकं काय करता? मागे कुठेतरी तुम्ही 'आम्ही रेबीज वापरतो' असं लिहिलेलं, ते वाचून मी दोन दिवस कुत्र्याकडे संशयाने बघत होतो.

---

पेशीबाई | सोमवार, सकाळी ८.३०

हाहा. खरंच वापरतो. आणि ज्याला घाबरायचं त्यालाच आम्ही पोस्टमन केलंय, म्हणून सांगते.

कुत्रा पायाला चावला तर रेबीज रक्तातून मेंदूत जात नाही. तो नसेत शिरतो आणि सांध्यामागून सांधा ओलांडत उलट्या दिशेने वर चढतो. म्हणून तोंडाला चावा घातक आणि घाईचा, पायाला चावलं तर सहसा जरा जास्त वेळ मिळतो. (लस दोन्हीकडे ताबडतोबच घ्यायची!) आता मला जाणून घ्यायचं असेल की हिप्पोकॅम्पसमधल्या या एका पेशीला निरोप कोण-कोण पाठवतं, तर सांधे उलटे ओलांडणाऱ्यापेक्षा चांगला वाटाड्या कोण?

भानगड एवढीच की तो थांबत नाही. सांगलीला जायचा तो दिल्लीपर्यंत जातो. २००७ मध्ये इयान विकरशॅम, एडवर्ड कॅलवे आणि मंडळींनी त्याची एक किल्ली काढून घेतली. सांधा ओलांडायला लागणारं जी प्रथिन बनवणारा जनुक उडवला आणि ते प्रथिन फक्त सुरुवातीच्या पेशीला वेगळं पुरवलं. विषाणू तिथून एक उडी मारतो, नव्या पेशीत पोचतो, तिथे किल्ली नाही, अडकतो. सोबत चमकणारं प्रथिन दिलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी आणि तिला थेट जोडलेल्या सगळ्या पेशी दिव्यासारख्या दिसतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरी व्हिडिओ कॉल करून आईला दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे, पण हातमोजे घाल."

आणि सुसुमु तोनेगावा! त्यांना १९८७ चं नोबेल प्रतिपिंडांच्या जनुकांवर मिळालं, म्हणजे हा माणूस मुळात प्रतिकारशक्तीवाला. नंतर स्मृतीकडे वळला. त्यांच्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेत शू लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ यांनी २०१२ मध्ये उंदराची एक आठवण बटण दाबून जागी केली. निरुपद्रवी एएव्ही विषाणूच्या पोटात शेवाळातलं उजेडाला प्रतिसाद देणारं प्रथिन बनवणारा जनुक भरला आणि अशी व्यवस्था केली की एका विशिष्ट भीतीच्या प्रसंगात जाग्या झालेल्या पेशींतच ते तयार व्हावं. नंतर वेगळ्या, निर्धोक खोक्यात उंदराच्या त्या पेशींवर निळा प्रकाश सोडला, तर तो जागच्या जागी थिजला. काही झालेलं नसताना. पुढच्याच वर्षी त्यांनी न घडलेल्या प्रसंगाची आठवणही रुजवली.

रोवणी, तुझ्या प्रश्नाला याचा उपयोग असा: तोनेगावांच्याच प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवलं की आठवण पक्की होऊ न देणारं रसायन दिलेल्या उंदरांना एरवी काहीच आठवत नव्हतं, पण त्याच पेशींवर उजेड पाडल्यावर आठवण उठली. म्हणजे कधी कधी आठवण पुसलेली नसते, तिच्यापर्यंतची वाट मोडलेली असते.

---

खवट_खोबरं | सोमवार, सकाळी ९.०२

हे मात्र चहा थंड करून वाचलं.

---

बंडू_बंडखोर | सोमवार, सकाळी १०.१०

सगळं लिहिलंत, खरं कोणी लिहित नाही. कोविडची लस घेतल्यापासून अर्ध्या देशाची स्मरणशक्ती गेली. माझं मलाच पासवर्ड आठवत नाहीत.

---

रोवणी | सोमवार, दुपारी १.२५ (मधल्या सुट्टीत)

बंडूभाऊ, पासवर्डचं दुःख जागतिक आहे.

कोविडविषयी जे नीट मोजलं गेलंय ते सांगते. ब्रिटनमध्ये ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन साथीच्या आधी झालेले होते. वयं ५१ ते ८१. त्यांचे पुन्हा स्कॅन केले तेव्हा त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्यच. वासाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या काही भागांत त्यांची मेंदूतली करडी साल इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त घटलेली निघाली. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. टक्का छोटा आहे. सरासरी आहे. प्रत्येकाचं तसं झालं असा अर्थ नाही.

आणि लस? क्लाइन यांचा गट २०२४ च्या कामात सहभागी होता. उंदरांत कोविडनंतर मेंदूत आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारं द्रव्य वाढलं आणि स्मृती बिघडली. आधी लस दिलेल्या उंदरांत दोन्ही कमी. तुम्ही म्हणताय त्याच्या बरोबर उलट. हेच आयएल-१ वेस्ट नाइलमध्येही त्यांना भेटलं होतं. तिथे ते हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्माला घालणंच मंदावत होतं, आणि त्याचा ग्राही नसलेल्या उंदरांची शिकण्याची क्षमता टिकली.

---

डॉ_सावकाश | सोमवार, दुपारी ३.००

बंडू यांना झोडपायच्या आधी एक प्रामाणिक नोंद. लशीने मेंदूला इजा केल्याचं खरं उदाहरण आपल्याकडे आहे. कुत्रा चावल्यावर बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतलेले लोक तुमच्या घरात असतील. ती सेंपलची लस. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास केलेली, मेंढीच्या मेंदूत रेबीज वाढवून. लशीबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंश शरीरात जायचा, आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्यावर शिकून आपल्याच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर धावायची. म्हणून ती बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या लशी आल्या. कोविडच्या लशीत मेंढीही नाही आणि मेंदूही नाही.

---

संपादक मंडळ | सोमवार, दुपारी ४.४०

ब्राह्मी-शंखपुष्पीच्या वटीची किंमत आणि फोन क्रमांक असलेला प्रतिसाद काढून टाकला आहे. हा तिसरा. कृपया.

---

मुक्काम_पोस्ट | सोमवार, संध्याकाळी ६.१५

नागपूरकर म्हणून एक अवांतर. मेंदूवर हल्ला करणाऱ्या एका विषाणूला आमच्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे, चांदीपुरा. १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला तो सापडला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. वाळूमाशीतून पसरतो आणि काही तासांत खेळ आटोपतो, त्यामुळे स्मृतीचा प्रश्न यायला मूल वाचावं तर लागतं. गावाला मात्र दर साथीत फुकटची प्रसिद्धी.

---

कट्टेकरी | सोमवार, रात्री ९.३०

मी कुठेतरी वाचलं की आपली स्मृतीच मुळात एका विषाणूपासून आली आहे. खरं की व्हॉट्सॲप?

---

पेशीबाई | सोमवार, रात्री ११.१०

अर्धं खरं. आर्क नावाचा जनुक आहे, शिकताना चेतापेशीत झटक्यात चालू होतो. तो काढून टाकलेले उंदीर शिकतात, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत धरून ठेवू शकत नाहीत. २०१८ मध्ये युटा विद्यापीठाच्या जेसन शेफर्ड यांच्या गटाला दिसलं की आर्कचं प्रथिन आपोआप जुळून विषाणूच्या कवचासारखा गोळा बनवतं आणि त्यात आरएनए भरून एका पेशीतून दुसरीत पोचवतं. त्याच अंकात दुसऱ्या गटाने माशीतल्या आर्कचंही तसंच दाखवलं. वंशावळ काढली तर ती जाते जनुकसंचात उड्या मारणाऱ्या एका जुन्या घटकाकडे. एचआयव्हीसारख्या रेट्रोव्हायरसशी त्याचं दूरचं नातं. 'स्मृती म्हणजे विषाणू' असं नाही. फार जुन्या काळी घरात घुसलेल्याला घरच्यांनी कामाला लावलं, इतकंच.

---

रोवणी | बुधवार, रात्री ८.२०

दोन दिवस लिहिता आलं नाही. मुलाच्या वडिलांना भेटून आले. डॉ. सावकाश यांनी व्यक्तिगत निरोपातून सुचवल्याप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणी स्मृतीची रीतसर चाचणी करून घ्यायला ते तयार झालेत, धानाची मळणी आटोपली की. "पोट्टा वेडा नाही ना, मॅडम?" एवढंच चारदा विचारलं.

मुलाला मी एक साधी गोष्ट सांगितली. रोज एकाच जागी, भिंतीकडच्या शेवटच्या खांबाला सायकल लाव. आठवायचं नाही, सवय करायची. शिपाईकाका ती जागा राखून ठेवतात. ओसरी, पेशीबाईंनी सवयीची वाट वेगळी असते असं लिहिलं नसतं तर हे सुचलं नसतं. तुझ्या बाबांचं काही नवं शिकणं झालंय का गं आजारानंतर? एखादी तरी गोष्ट?

---

पेशीबाई | बुधवार, रात्री ९.०५

ओसरी उत्तर देईपर्यंत सांगते. ई.पी. यांच्यासमोर वस्तूंच्या आठ जोड्या ठेवायचे, प्रत्येक जोडीत एक वस्तू 'बरोबर'. आठवडेच्या आठवडे. दर वेळी त्यांना वाटायचं हे आपण पहिल्यांदाच बघतोय. पण हात बरोबर वस्तूकडे जायला लागला होता.

---

ओसरी | बुधवार, रात्री ११.५५

मी कधी अशा नजरेने बघितलंच नव्हतं. म्हणून आज दिवसभर बघत होते.

आम्ही या घरात आलो ते बाबांच्या आजारानंतर चार महिन्यांनी. ते अजून म्हणतात की हे घर आपलं नाही, पाहुण्यांचं आहे, संध्याकाळच्या गाडीने निघू. आज दिवेलागणीला वीज गेली. आली तेव्हा स्वयंपाकघरात अंधारच होता, कारण तिथला दिवा मी आधी बंद केला होता. बाबा खुर्चीतून उठले, "कुणाचं गं हे घर?" विचारलं, आणि विचारता विचारता सरळ चालत जाऊन दिवा लावला.

बटण दाराच्या मागे आहे. दार ओढल्याशिवाय दिसत नाही.